मनगटापुरती शिक्षा

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण जी शर्यत पाहतो, तिच्यात घोडा पाठीवर जॉकी घेऊन चौखूर धावतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, स्वीडन अशा देशांत तिच्या जोडीला आणखी एक शर्यत चालते. तिला हार्नेस रेसिंग म्हणतात. घोड्यामागे सल्की नावाची हलकी दुचाकी गाडी जुंपलेली असते आणि चालक तिच्या बैठकीवर पाय पुढे फाकवून, घोड्याच्या शेपटीच्या अगदी मागे बसलेला असतो. हिचा मूळ नियम असा, की घोड्याने चौखूर धावायचंच नाही. काही घोडे दुडक्या चालीने पळतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो. काही घोडे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतात. चाल कोणतीही असो, ती मोडून घोडा उधळला की चालकाने लगाम खेचून त्याला पुन्हा चालीवर आणायचं. तोवर बाकीच्या गाड्या पुढे निघून गेलेल्या असतात.

म्हणजे हा खेळ मुळात आवरण्याचा आहे. जनावराच्या अंगातला सगळ्यात मोठा वेग दाबून धरायचा आणि त्या मर्यादेत त्याला जास्तीत जास्त पळवायचं, यात चालकाचं कसब. अशा खेळात चाबूक जरा जास्त झाला की घोडा चाल मोडण्याची, म्हणजे हातातली शर्यत जाण्याची भीती असते. तरीही शेवटच्या सरळ पट्ट्यात हात उठतातच. हात उठतात म्हणून नियम होतात, नियम मोडतात म्हणून चौकशा होतात, चालक दंड भरतो किंवा काही दिवस घरी बसतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा तरी हात उठतो. हे का थांबत नाही, याचं उत्तर चालकाच्या स्वभावात शोधलं जातं. मला ते बक्षिसाच्या वाटणीत दिसतं.

आधी शिक्षा होते कशी ते पाहू. ऑस्ट्रेलियातल्या हार्नेस रेसिंगच्या नियमावलीत १५६ क्रमांकाचा नियम चाबकाचा आहे. चाबूक असू द्यावा, पण त्याचा अयोग्य वापर करू नये, असा त्याचा गाभा. शर्यत संपली की स्टुअर्डांच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या, खोलीत चित्रफीत लावली जाते, बाजूने घेतलेली आणि समोरून घेतलेली. चालकाला बोलावलेलं असतं. चित्र मधेच थांबवतात. कोपर अंगाशी आहे की सुटलं? मूठ खांद्याच्या वर गेली का? एका हातातला लगाम दुसऱ्या हातात घेऊन मोकळ्या हाताने फटका मारला का? पुढचा फटका देण्याआधी घोड्याला प्रतिसाद द्यायला वेळ दिला का? घोडा प्रतिसाद देतच नव्हता, तरी मारत राहिला का? एकेक चौकट पुढे सरकते. चालक आरोप मान्य करतो किंवा नाकारतो, त्याचे मागचे गुन्हे काढून पाहिले जातात, मग ताकीद, दंड किंवा निलंबन ठरतं आणि ते अहवालात छापलं जातं. हे काम गांभीर्याने होतं आणि उघडपणे होतं, हे मान्य करायला हवं. पण पडद्यावर घोडा समोर असताना मोजलं जातं ते माणसाचं कोपर. घोड्याला काय झालं, हे त्या कोपरावरून ताडायचं.

याच नियमावलीत १४९ क्रमांकाचाही एक नियम आहे. आपल्या घोड्याला जिंकण्याची किंवा शक्य तितका वरचा क्रमांक मिळवण्याची पूर्ण संधी मिळावी, यासाठी चालकाने सगळे वाजवी आणि परवानगी असलेले उपाय केलेच पाहिजेत, असं तो सांगतो. यामागचं कारण रास्त आहे. लोक घोड्यावर पैसे लावतात; चालकाने मुद्दाम हात आखडता घेतला तर ती त्यांची फसवणूक होते. आता शेवटच्या दोनशे मीटरवरच्या चालकाचा विचार करा. शेजारची गाडी अर्ध्या लांबीने पुढे आहे. मारलं तर १५६, नाही मारलं आणि थोडक्यात हरला तर १४९. स्टँडमधून पैसे लावणाऱ्यांना दिसतो तो फक्त त्याचा हात. हात हलला म्हणजे प्रयत्न केला, अशी त्यांची समजूत. मालकाचीही बहुधा तीच. आणि पुढच्या शर्यतीत गाडी कुणाला द्यायची हे ठरवतात मालक आणि प्रशिक्षक.

थोडा हिशेब मांडू. अमेरिका आणि कॅनडात शर्यतीच्या एकूण बक्षिसातला अर्धा भाग पहिल्याला आणि पाव भाग दुसऱ्याला मिळण्याची रीत आहे, आणि घोड्याने मिळवलेल्या रकमेतले ५ टक्के चालकाला, ५ टक्के प्रशिक्षकाला जातात. समजा, एकूण बक्षीस २०,००० डॉलर आहे. दुसरा येणारा घोडा पहिला आला तर मिळकत ५,००० वरून १०,००० होते. या वाढीतले २५० चालकाचे, २५० प्रशिक्षकाचे आणि ४,५०० मालकाचे. आता समजा, जास्तीच्या फटक्यांबद्दल चालकाला २०० डॉलर दंड झाला. त्याच्या खिशात तरीही ५० उरले आणि मालकाच्या ४,५०० ला कुणी हातही लावला नाही. दंड ५०० केला तर चालक तोट्यात जाईल, पण मालकाचं तरीही काही जाणार नाही. उलट ज्याने आपल्यासाठी पदरमोड केली, त्या चालकाला तो पुन्हा बोलावील. फटक्याचा नफा शंभरातला नव्वद हिस्सा एकाकडे आणि शिक्षा पूर्णच्या पूर्ण दुसऱ्याकडे, अशी ही रचना आहे. अशा रचनेत शिक्षेने वळण लागावं कसं?

अर्थशास्त्रात याबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा येत. ऊरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी १० पाळणाघरं निवडली आणि त्यांतल्या काहींत उशिराबद्दल छोटा दंड सुरू केला. २००० साली त्यांनी निष्कर्ष छापले: दंड लावल्यावर उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले. आधी उशीर झाला की ताटकळत बसलेल्या बाईंसमोर जायची लाज वाटे. दंड आला आणि उशिराला भाव ठरला. पैसे दिले की प्रश्न मिटला. पुढे दंड काढून टाकला तरी पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. चाबकाच्या दंडाबाबत मला हीच भीती वाटते. लहान दंड फटका थांबवत नाही, तो फटक्याची किंमत ठरवून देतो. किंमत परवडणारी असली की तो धंद्याच्या खर्चात जमा होतो आणि मनातला उरलासुरला संकोचही जातो.

मग दंड जबर करावा का? स्वारीच्या शर्यतींत ब्रिटनने २०११ साली ते करून पाहिलं. त्या ऑक्टोबरात ॲस्कटला चॅम्पियन स्टेक्स झाली. बेल्जियन जॉकी क्रिस्तोफ सुमियोंने सिरस देझेग्ल हा घोडा जिंकवला. नवा नियम नुकताच लागू झाला होता: शेवटच्या फर्लांगात पाचपेक्षा जास्त फटके नाहीत. सुमियोंने सहावा मारला. त्याच्यावर काही दिवसांची बंदी आली आणि बक्षिसातला त्याचा वाटा, पन्नास हजार पौंडांच्या घरातली रक्कम, जप्त झाली. घोडा मात्र विजेता राहिला, मालकांचं बक्षीस मालकांकडे राहिलं. एका फटक्यासाठी एवढी रक्कम जाते हे पाहून जॉकी खवळले आणि काही दिवसांतच तो नियम सैल करावा लागला. त्या वेळी सगळी चर्चा शिक्षा फार जबर झाली का, यावर झाली. माझ्या मते तिचा आकार हा दुय्यम प्रश्न होता. सहाव्या फटक्याने विजय मिळाला असेल तर तो विजय दूषित होता आणि नसेल तर तो फटका निव्वळ क्रौर्य होता. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी त्या दिवशी जबाबदार धरला गेला तो फक्त हात.

त्यानंतर स्वारीच्या शर्यतींनी एक पाऊल पुढे टाकलं. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे आणि मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके मारले तर घोडाच बाद होतो. अमेरिकेत २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय नियमांतही सहा फटक्यांची मर्यादा आहे आणि तीही चार किंवा अधिक फटक्यांनी ओलांडली तर घोड्याचं बक्षीस जातं. पैसे लावणाऱ्यांचं काय, ही अडचण दोघांनीही सोडवली: पैजांचा हिशेब त्या दिवशीच्या निकालावर होतो, बक्षिसाचा हिशेब चौकशीनंतर. म्हणजे ज्यांनी पैसे लावले त्यांना झळ नाही आणि ज्यांचा नफा फटक्यांतून आला त्यांना आहे. ही कल्पना मला आजवरच्या चाबूक-नियमांतली सगळ्यात न्याय्य वाटते. खटकतं ते एवढंच, की तिला सुरुवात व्हायला चार जास्तीचे फटके लागतात. पहिल्या तिनांची किंमत अजूनही एकट्या जॉकीच्या नावावर आहे. आणि अमेरिकेतले हार्नेसचे घोडे त्या राष्ट्रीय नियमांच्या कक्षेबाहेरच राहिले; तो कायदा थरोब्रेड घोड्यांपुरता आहे.

हार्नेसच्या जगात सगळ्यात धीट घोषणा ऑस्ट्रेलियाने केली होती. हार्नेस रेसिंग ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं, की १ सप्टेंबर २०१७ पासून देशभर चाबूक बंद. वाचताना वाटलं, सुटला एकदाचा प्रश्न. मग व्यवसायातूनच विरोध झाला. सुरक्षेचं काय, घोडा अंगावर यायला लागला तर त्याला वळवायचं कशाने, अशा हरकती आल्या. ती तारीख आली, बंदी आली नाही. तिच्या जागी हात किती हलवायचा, याचे कडक नियम आले: दोन्ही हातांत लगाम हवाच, आणि फटका फक्त मनगटाच्या हालचालीतूनच. स्टुअर्डांच्या खोलीतली एकेक चौकट सरकवणारी ती तपासणी अशी अधिकच बारीक झाली.

सुरक्षेची हरकत मी हलकी मानत नाही. दहा-बारा गाड्या चाकाला चाक भिडवून वळणावर येतात तेव्हा एक घोडा बिथरला तर मागच्या सगळ्यांच्या जिवावर बेतू शकतं. पण सावरण्यासाठी चाबूक बाळगणं आणि पळवण्यासाठी तो मारणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. नॉर्वेने १९८२ साली घोडा पळवण्यासाठी चाबूक वापरणं बंद केलं आणि ऑस्लोजवळच्या ओव्हरव्होलच्या मैदानावर शर्यती चालूच राहिल्या. ब्रिटनमध्ये शिकाऊ जॉकींसाठी खास शर्यती असतात. त्यांत चाबूक हातात असतो, पण सुरक्षेखेरीज वापरायचा नाही. सिडनी विद्यापीठाचे पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी अशा शर्यती आणि चाबूक चालणाऱ्या शर्यती, मिळून १२६, यांचे स्टुअर्डांचे अहवाल ताडून पाहिले. घोडे तिरके जाणं, एकमेकांना आडवे येणं, शर्यतीला लागलेला वेळ, यांत लक्षात घेण्याजोगा फरक सापडला नाही. तेही नवशिक्या हातांत लगाम असताना.

वेगाबद्दलचं त्यांचं आधीचं काम २०११ चं आहे. डेव्हिड इव्हान्स यांच्याबरोबर त्यांनी पाच शर्यतींतल्या ४८ घोड्यांची टप्प्याटप्प्याची गती तपासली. घोडे सगळ्यात वेगाने धावले ते चाबूक सुरू होण्याआधीच्या टप्प्यात. चाबूक सुरू झाला तो शेवटच्या चारशे मीटरमध्ये, घोडा दमत असताना आणि त्याची गती उतरत असताना. दमलेल्या जनावराकडून नसलेली ताकद मागण्याची ही वेळ. हे घोडे स्वारीचे होते, हार्नेसचे नव्हते. पण दमणं दोघांचं सारखंच. मारल्याने लागत नाही, कातडी जाड असते, हा जुना समजही २०२० साली तपासला गेला. वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं कातडीच्या वरच्या थरात असतात आणि त्या थराची जाडी व टोकांची दाटी यांत माणूस आणि घोडा यांच्यात लक्षणीय फरक नाही. घोड्याची कातडी जाड असते ती त्याखालच्या थरात.

हार्नेसच्या घोड्यांचा वेग खरोखर वाढला कशाने, हे त्या खेळाच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. १८९२ साली सल्कीला उंच लाकडी चाकांऐवजी हवा भरलेल्या टायरची, सायकलसारखी लहान चाकं लागली आणि त्याच वर्षी नॅन्सी हँक्स नावाच्या घोडीने मैलाचं अंतर २ मिनिटं ४ सेकंदांत कापलं. आधीच्या वर्षीच्या उच्चांकापेक्षा ही वेळ चार सेकंदांहून अधिकने कमी होती. त्यानंतरच्या एकशेतीस वर्षांत निवडक पैदास, खुराक, टापांखालची माती, गाडीची बांधणी यांनी वेग चढत गेला. जुलै २०२२ मध्ये न्यू जर्सीच्या मेडोलँड्सवर बुलडॉग हॅनोव्हर या घोड्याने मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत पुरा केला. या साऱ्या काळात चाबूक होता तसाच होता. वेगाचं श्रेय त्याला द्यायला जागा उरत नाही.

शिवाय चाबकावाचून घोड्याला चेव आणण्याच्या युक्त्या या चालकांना ठाऊक आहेत. त्यांतली एक मला विलक्षण वाटते. शर्यतीआधी घोड्याच्या कानांत मऊ बोळे बसवतात आणि त्यांना बांधलेली दोरी मागे गाडीपर्यंत आणतात. सगळी शर्यत घोडा अर्ध्या शांततेत पळतो. शेवटच्या वळणावर चालक दोरी ओढतो, बोळे निघतात आणि टापा, चाकं, माणसांचा ओरडा असा सगळा गलका एकदम कानांवर येतो. घोडा उसळून पुढे जातो. ही युक्ती निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही; घाबरवून पळवणंही काही माया नव्हे. पण एक दिसतं: चाबूक काढून घेतला तर चालकाचं कसब संपत नाही. ते लगामात असतं, गाडी कुणाच्या मागे लावून वारा चुकवायचा आणि कधी बाहेर काढायची या निर्णयात असतं. हेही खरं, की चाबूक गेला तर काही हात दुसरं काही शोधतील. गाडीतून पाय पुढे करून घोड्याच्या मागच्या पायाला लाथ लावणं हा या खेळातला जुना अपराध आहे आणि त्याबद्दलही शिक्षा होतच आल्या आहेत. वाटणी तीच राहिली तर नुसत्या साधनाची बंदी अपुरी पडेल, असं मला वाटतं ते यामुळे.

आपल्या बैलगाडा शर्यतींचा अनुभव इथे लावून पाहण्यासारखा आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वैध ठरवला. त्या अटींत चाबूक, काठी, टोचणी यांना मनाई आहे. खेड, मंचर, जुन्नर भागातल्या घाटांत गाडा सुटतो तेव्हा त्यावर हाकणारा नसतोच. पुढे घोडी धावते आणि तिच्यामागे बैल झेपावतात. तिथे चालकाच्या हाताला शिक्षा करून भागणारच नाही. म्हणून परवानगी मागायची आयोजकाने, अनामत रक्कम ठेवायची आयोजकाने आणि जनावराचा छळ झाला तर जाब द्यायचा त्यानेच, अशी मांडणी कायद्याला करावी लागली. घाटावर ती किती पाळली जाते, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण जबाबदारी हातावरून पुढे सरकवता येते, एवढं त्यातून दिसतं.

हार्नेस चालकांबद्दल मला सहानुभूती वाटते, ती त्यांनी मारलेल्या फटक्यांबद्दल नाही. एका रात्रीत सात-आठ गाड्या हाकायच्या, थंडीत आणि चिखलात, अपघाताची भीती सतत पाठीशी घेऊन, आणि उद्याची गाडी मिळेल की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर, असं त्यांचं जगणं. फटका त्यांनीच मारला आहे आणि त्याची शिक्षा त्यांना व्हावी, यात वाद नाही. पण एकट्यांना शिक्षा करणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे आणि घोड्यावरचाही, कारण त्या एकट्या शिक्षेच्या आडोशाला पुढचा फटका सुरक्षित राहतो.

माझी मागणी साधी आहे. पळवण्यासाठीचा चाबूक जायला हवा, आणि तो जाईपर्यंत मर्यादेबाहेरच्या पहिल्याच फटक्याला घोड्याचं बक्षीस थांबायला हवं, चौथ्याला नव्हे. पैसे लावणाऱ्यांचा हिशेब त्या दिवशी चुकता करावा. आज स्टुअर्डांच्या अहवालात चाबकाचा परिच्छेद येतो तेव्हा त्यात चालकाचं नाव असतं, नियमाचा क्रमांक असतो, दंडाची रक्कम असते. त्याच परिच्छेदात मालकाचं आणि प्रशिक्षकाचं नाव यावं, चौकशीला त्यांनाही त्या खोलीत बसवून ती चित्रफीत एकेक चौकट करून दाखवावी, आणि त्यांनी ती पाहून झाल्यावरच बक्षिसाचा चेक कुणाच्या नावाने काढायचा ते ठरावं.